श्रोत्यांचे प्रश्न : ड्रम कोअरने काय वाजवावे?

गेल्या अंकात अमेरिकेतील ड्रम कोअर या वाद्यपथकांविषयी लिहिताना या सदराच्या शेवटी वाचकांना विचारले होते की, या पथकांकडून त्यांना कोणते संगीत ऐकायला आवडेल. उत्तरांपेक्षा प्रश्नच जास्त आले आणि त्याचा मला आनंद आहे. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रांचा आशय तोच ठेवून ती थोडी संक्षिप्त केली आहेत.

मी न्यू जर्सीत राहते. विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यांत मार्चिंग बँड अनेकदा पाहिले आहेत. ड्रम कोअर हे त्याचेच दुसरे नाव आहे, की काही वेगळा प्रकार आहे? पहिल्यांदा ऐकणाऱ्याने कोठून सुरुवात करावी?

प्रकार वेगळा आहे. मार्चिंग बँड शाळेचा किंवा विद्यापीठाचा असतो आणि त्यात क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन ही वाद्येही असतात. ड्रम कोअर ही स्वतंत्र संस्था असते. तिच्यात फक्त पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि ध्वज, रायफली व नृत्य सांभाळणारा कलर गार्ड असतो. दीडशेच्या आसपास तरुण-तरुणी, बहुतेक विशीच्या अलीकडचे-पलीकडचे, वसंत ऋतूच्या अखेरीस एकत्र येतात, दिवसाचे दहा-बारा तास सराव करतात, बसमधून देशभर फिरतात, रात्री शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात आणि जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत एकच अकरा-बारा मिनिटांचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा वाजवून घासून पुसून लखलखीत करतात. वयाची मर्यादा गाठली की त्यांना पथक सोडावे लागते.

या परंपरेचे मूळ माजी सैनिकांत आहे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स या त्यांच्या संघटनांच्या शाखांनी बिगुल आणि ढोलांची पथके उभी केली, पुढे चर्च आणि स्काउट यांनी मुलांची पथके काढली आणि स्पर्धा सुरू झाल्या. नियम मात्र माजी सैनिकांच्या संघटनाच ठरवत असत. ते आपल्या हाती यावेत म्हणून काही पथकांच्या संचालकांनी १९७१ मध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था स्थापन केली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली आणि कॅलिफोर्नियातील अनाहाइम किंग्जमेन पथकाने ती जिंकली.

बिगुलाचा हा वारसा ऐकणाऱ्यालाही माहीत असावा असे मला वाटते. ज्याला व्हॉल्व्ह, म्हणजे स्वर बदलण्याची कळच नाही अशा बिगुलातून निसर्गतः मोजकेच स्वर निघतात. पथकांच्या बिगुलांना आधी एक व्हॉल्व्ह होता, १९७७ मध्ये दोन व्हॉल्व्हना आणि १९९० मध्ये तीन व्हॉल्व्हना परवानगी मिळाली. २०००च्या हंगामापासून तर कोणत्याही पट्टीतील वाद्ये चालू लागली आणि नेहमीचे ट्रम्पेट, मेलोफोन (मैदानावर फ्रेंच हॉर्नची जागा घेणारे वाद्य), युफोनियम, ट्यूबा मैदानावर आले. परंतु अनेक दशके थोड्या स्वरांत मोठा परिणाम साधण्याची जी सवय संयोजकांना लागली होती, ती वाद्ये बदलली तरी गेली नाही. एक साधी धून, तिच्याखाली रुंद पसरलेली हार्मनी आणि हळूहळू चढत जाणारा आवाज हे या कलेचे हृदय आहे आणि पुढच्या सगळ्या उत्तरांत मी त्याकडेच परत येणार आहे.

सुरुवात आपल्याच राज्यातून करावी. गारफिल्ड कॅडेट्स या पथकाची स्थापना १९३४ मध्ये न्यू जर्सीतील गारफिल्ड येथे झाली. १९८३, १९८४ आणि १९८५ अशी सलग तीन वर्षे अजिंक्य राहिलेले ते ड्रम कोअर इंटरनॅशनलमधील पहिले पथक. त्यांचा १९८४चा 'वेस्ट साइड स्टोरी'वरील कार्यक्रम आधी ऐकावा. हे पथक २०२४ मध्ये बंद पडले, त्यामुळे आता ध्वनिमुद्रणाखेरीज दुसरा मार्ग नाही आणि ही गोष्ट लिहिताना मन खिन्न होते. त्यानंतर सांता क्लारा व्हॅनगार्डचा १९८९चा 'फँटम ऑफ द ऑपेरा' आणि फँटम रेजिमेंटचा २००८चा 'स्पार्टाकस' ऐकावा. शेवटच्या कार्यक्रमात खाचातुरियानचे बॅले-संगीत आहे. त्या वर्षी फँटम रेजिमेंटला ९८.१२५ आणि ब्लू डेव्हिल्सला ९८.१०० गुण मिळाले, म्हणजे अजिंक्यपद एका गुणाच्या चाळिसाव्या भागाने ठरले.

मी दहा-बारा वर्षे या पथकांची ध्वनिमुद्रणे ऐकतो. अलीकडे एखादी धून ओळखू येते न येते तोच ती तुटते आणि दुसरेच काही सुरू होते. पूर्वी असे होत नव्हते. पूर्ण धून ऐकवायला पथकांची हरकत काय आहे?

आपली तक्रार रास्त आहे आणि ती आपल्या एकट्याची नाही. तरीही पथकांची बाजू आधी समजून घेऊ, कारण त्यांच्यापुढील अडचणी खऱ्या आहेत.

पहिली अडचण वेळेची आहे. अकरा-बारा मिनिटांत आरंभ, एक संथ भाग, तालवाद्यांना वाव देणारा भाग आणि शेवट एवढे सगळे बसवायचे असते. दुसरी अडचण गुणपद्धतीची आहे. शंभरपैकी चाळीस गुण एकूण परिणामासाठी, तीस संगीतासाठी आणि तीस दृश्य बाजूसाठी असतात. परिणामाचे गुण देणारा परीक्षक सतत काही घडण्याची वाट पाहत असतो, त्यामुळे रचनाकाराला दर पंधरा-वीस सेकंदांनी नवे काही दाखवावेसे वाटते. संगीताची कात्री मैदानावरील हालचालींच्या मापाने चालते. तिसरी अडचण शरीराची आहे. १९७०च्या दशकात कार्यक्रमाच्या मध्यभागी उभे राहून वाजवायचा 'कॉन्सर्ट' नावाचा भाग असे. वादक स्थिर उभे असत आणि फुप्फुसात भरपूर हवा असल्यामुळे लांब पल्ल्याची धून शेवटपर्यंत जात असे. आज तोच वादक धावतो, वाकतो, उडी मारतो आणि त्याच श्वासावर ट्रम्पेटही वाजवतो. अशा शरीराकडून तीन मिनिटांची अखंड धून मागणे सोपे नाही, म्हणून ती आठ-आठ मात्रांत वाटली जाते आणि अधूनमधून तालवाद्यांकडे सोपवून वादकांना श्वास दिला जातो.

एवढे मान्य करूनही माझे मत आपल्याच बाजूचे आहे. श्रोत्यांच्या ज्या आठवणी वीस-तीस वर्षे टिकल्या, त्यांत तुकड्यांच्या आठवणी फार थोड्या आहेत. मॅडिसन स्काउट्सने १९८८ चे अजिंक्यपद जिंकताना लेकुओनाची 'मालागेन्या' वाजवली. तिची धून श्रोत्यांना आधीपासून पाठ होती आणि ती कोठे चढणार हेही ठाऊक होते. ते चढणे ठरल्या जागी, पण अपेक्षेपेक्षा दुप्पट जोराने आले, म्हणून लोक उभे राहिले. अपेक्षा निर्माण व्हायला वेळ लागतो. श्रोत्याच्या मनात धून रुजायच्या आत ती तोडली, तर पुढचा मोठा आवाज केवळ मोठा आवाज राहतो.

त्याच परंपरेत याला एक उलट उदाहरणही आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. स्टार ऑफ इंडियानाने १९९३ मध्ये सॅम्युएल बार्बर आणि बेला बार्टोक यांच्या संगीतावर जो कार्यक्रम केला, त्यात गुणगुणण्याजोगी धून जवळजवळ नव्हती. होते ते तुटक, टोकदार, अस्वस्थ करणारे संगीत आणि त्याला साजेशी हालचाल. त्या वेळी अनेक श्रोत्यांना तो रुचला नाही आणि केवळ ०.१ गुणाने त्यांचे अजिंक्यपद हुकले. आज तोच कार्यक्रम या कलेचे वळण म्हणून अभ्यासला जातो. हंगामानंतर त्या पथकाने स्पर्धा सोडून रंगमंचाची वाट धरली आणि त्यातूनच पुढे 'ब्लास्ट!' हा कार्यक्रम उभा राहिला, ज्याला २००१ मध्ये टोनी पुरस्कार मिळाला. मात्र स्टारने तुकडे केले ते बार्टोकच्या संगीताचा स्वभावच तसा आहे म्हणून. एखाद्या गाण्याचा स्वभाव वाहण्याचा असताना त्याचे तुकडे करणे ही वेगळी गोष्ट आहे आणि आपली तक्रार त्याविषयीच आहे, असे मी समजतो.

मी ट्रम्पेट शिकतो. मोझार्टची चाळिसावी सिंफनी ड्रम कोअरने वाजवावी असे मला फार वाटते. असे कोणी का करत नसावे? कोणते संगीत मैदानावर चालते आणि कोणते नाही, हे कसे ओळखायचे?

आपण निवडलेली रचना थोर आहे, पण मैदानासाठी ती जवळजवळ सर्वांत अवघड निवड आहे आणि का, हे पाहिले की बाकीचे आपोआप उलगडते.

त्या सिंफनीचा आरंभ आठवून पाहा. व्हायोला दबक्या आवाजात थरथरत असतात आणि त्यांच्यावर व्हायोलिनची धून हलकेच येते, तीन-तीन स्वरांच्या छोट्या उसाशांसारखी. तिचे सौंदर्य तिच्या हलकेपणात आणि उतावीळ अस्वस्थतेत आहे. हेच वीस ट्रम्पेटना दिले तर प्रत्येक स्वराला जिभेचा स्पष्ट आघात येईल आणि उसासा नाहीसा होऊन ठोकळे उरतील. व्हायोलाची थरथर लाकडी पट्ट्यांच्या मारिंबांना देता येईल, पण धून सांभाळणारे हलके वाद्य पथकात नाही. मोझार्टच्या काळातील पितळी वाद्येही बिगुलासारखीच व्हॉल्व्हविना होती, म्हणून त्याने त्यांना धून फारशी दिलीच नाही. जे संगीत पितळी वाद्यांना बाजूला ठेवून लिहिले गेले, ते केवळ पितळी वाद्यांवर उभे करायचे म्हणजे त्याच्या स्वभावाविरुद्ध जाणे होय.

आता याच्या शेजारी वाग्नरच्या 'लोहेनग्रिन' या ऑपेरातील एल्साच्या मिरवणुकीचे संगीत ठेवा. फँटम रेजिमेंटचे नाव या संगीताशी कायमचे जोडलेले आहे. मूळ रचनेची सुरुवात वुडविंड वाद्यांवर होते, म्हणजे वाद्यांच्या दृष्टीने तीही पथकाच्या आवाक्याबाहेरचीच म्हणायला हवी. तरी ती चालते. तिच्यातील स्वर लांब आहेत, एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जाताना धागा तुटत नाही आणि आवाज इतका संथपणे वाढतो की कोणत्या क्षणी तो मोठा झाला हे सांगता येऊ नये. वुडविंडची ओळ मेलोफोन आणि युफोनियम हळुवारपणे उचलतात, हार्मनी तळापासून भरत जाते आणि शेवटी सत्तर-ऐंशी वादकांचा आवाज आपल्या छातीवर येऊन थांबतो. मूळ वाद्य कोणते यापेक्षा संगीताची वाढ कशी होते, यावर निवड ठरते.

आपण दुसरी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे मूळ रचना किती वादकांची आहे. येथे अंदाज नेहमी चुकतो. कोपलंडचे 'अपालाचियन स्प्रिंग' १९४४ मध्ये अवघ्या तेरा वाद्यांसाठी लिहिले गेले होते. गारफिल्ड कॅडेट्सने ते १९८७ मध्ये वाजवले आणि अजिंक्यपद मिळवले. तेरा वाद्यांचे संगीत शंभराहून अधिक जणांनी मोकळ्या मैदानावर वाजवले तरी ते फाटले नाही, कारण कोपलंडच्या हार्मनीत मुळातच मोकळी जागा आहे. उलट, मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेले आणि एकाच वेळी पाच-सहा आडव्या ओळी चालवणारे दाट संगीत स्टेडियममध्ये चिखलासारखे होते.

तालाकडेही लक्ष द्यावे. 'वेस्ट साइड स्टोरी' मैदानावर इतके शोभले, कारण त्यात तालवाद्यांना मुळातच स्वतःचे काम आहे, त्यांना वरून चिकटवावे लागत नाही. जॅझच्या बाबतीतही हेच खरे आहे. चिक कोरियाच्या 'ला फिएस्टा'ने ब्लू डेव्हिल्सची ओळख घडवली, ती याच कारणाने.

आपण ट्रम्पेट शिकत आहात, म्हणून एक प्रयोग सुचवतो. आवडती धून सर्वांत संथ लयीत, फक्त लांब श्वासावर वाजवून पाहा. ती तशीही सुंदर वाटली, तर मैदानावर तिला भविष्य आहे.

इतक्या मोठ्या मैदानावर पसरलेले वादक एकत्र कसे वाजवतात? समोर उभे राहून हाताने लय दाखवणाऱ्या ड्रम मेजरचा हात पाहणे पुरेसे असते का?

पुरेसे नसते आणि येथे पदार्थविज्ञान आडवे येते. फुटबॉलचे मैदान शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर लांब असते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचायला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. मिनिटाला १८० ठोक्यांची लय असेल, तर दोन ठोक्यांमधील अंतर सेकंदाचा तिसरा भाग असते. म्हणजे उशीर जवळजवळ एका ठोक्याएवढा झाला. प्रत्येकाने कानाने ऐकून शेजाऱ्यापाजाऱ्याशी जुळवून घेतले, तर स्टेडियमला वाद्यवृंद ऐकू येणार नाही, प्रतिध्वनी ऐकू येईल.

यावर पथकांनी शोधलेला उपाय मला फार देखणा वाटतो. लयीचा उगम मागे ठेवतात. स्नेअर, टेनर आणि वेगवेगळ्या पट्टीतील बास ड्रम यांची फळी, जिला बॅटरी म्हणतात, ती बहुधा मैदानाच्या मध्यभागी मागे असते. ड्रम मेजर आपला हात तिच्या पायांच्या चालीशी जुळवतो. पुढचे वादक आणि कडेला मारिंबा, व्हायब्राफोन, टिंपनी घेऊन उभा असलेला 'पिट' मागून येणारा आवाज कानावर पडताच त्याबरोबर वाजवतात, त्यामुळे सगळ्यांचा आवाज एकाच लाटेवर बसून प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो. दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या वादकांना मात्र कानांवर विश्वास ठेवता येत नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहायचे असते आणि शेजारून येणारा, चुकीच्या क्षणी पोहोचणारा आवाज नाकारायचा असतो. शिकवताना सर्वांत जास्त घाम याच ठिकाणी गळतो.

माइक आणि सिंथेसायझर आल्यापासून ड्रम कोअरचा मूळ आवाज हरवला, असे जाणकार म्हणतात. आपले मत काय आहे?

या दोन गोष्टींना मी एका मापाने मोजत नाही.

ध्वनिवर्धकांना २००४ मध्ये परवानगी मिळाली. त्याआधी मारिंबा आणि व्हायब्राफोन वाजवणाऱ्यांना पितळी वाद्यांच्या भिंतीपलीकडे ऐकू जाण्यासाठी कडक डोक्याच्या काठ्या घेऊन पट्ट्यांवर अक्षरशः हातोडे मारावे लागत. वाद्याचा लाकडी, गोल, ओलसर स्वर ज्यासाठी ओळखला जातो, तोच नाहीसा होत असे. माइकमुळे त्यांना मऊ काठ्यांनी, सभागृहात वाजवावे तसे वाजवता येऊ लागले. आजच्या पिटमध्ये जे सूक्ष्म काम ऐकू येते, ते माइकशिवाय शक्य नव्हते आणि जुन्या श्रोत्यांनीही हे मोकळ्या मनाने मान्य करावे, अशी माझी विनंती आहे.

२००९ मध्ये आलेल्या सिंथेसायझरविषयी माझे मत कठोर आहे. स्पीकरमधून सोडलेला खालचा, गुरगुरणारा बास स्वर ट्यूबांच्या ओळीखाली घातला की सगळे भव्य वाटते, हे खरे आहे. पण ती भव्यता विकत घेतलेली असते. जड वाद्य खांद्यावर पेलत मैदानभर फिरणाऱ्या वादकांनी महिनोन्महिने राबून जो तळ तयार केला, तो त्या गुरगुराटात बुडतो आणि ऐकणाऱ्याला माणसाचा श्वास कोणता आणि यंत्राचा कोणता, हे कळेनासे होते. यंत्राने वेगळा, दुसरीकडून न मिळणारा रंग दिला तर माझी हरकत नाही. वादकांचे काम यंत्राने करू नये. ऐन कळसाच्या कॉर्डला (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहाला) सिंथेसायझर बंद ठेवण्याचे धैर्य एखाद्या पथकाने दाखवले, की त्याच्या पितळी वाद्यांचे खरे मोल त्या एका क्षणात कळते.

पुढच्या उन्हाळ्यात प्रत्यक्ष ऐकायला जाण्याचा विचार आहे. कोठे जावे आणि कोठे बसावे? आणि आपल्याला स्वतःला कोणते संगीत ऐकायचे आहे, हे आपण सांगितलेच नाही.

अजिंक्यपदाची अंतिम फेरी २००९ पासून इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये होत आली आहे. वातावरण तेथे अपूर्व असते. परंतु ते छत असलेले, अवाढव्य स्टेडियम आहे आणि आवाज छतावर आपटून परत येतो, त्यामुळे जलद लयीतील तपशील विरघळतात. पहिल्याच वेळी संगीत नीट ऐकायचे असेल, तर मी पेनसिल्व्हेनियातील अॅलनटाउनचे नाव घेईन. तेथील जे. बर्नी क्रम हे एका शालेय मैदानाचे उघडे स्टेडियम आहे. वर आकाश आणि समोर पथक, मध्ये काहीही नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला तेथे दोन रात्री कार्यक्रम होतात आणि पथके त्या दोन रात्रींत विभागलेली असतात. तोपर्यंत हंगाम अखेरीला आलेला असल्यामुळे वादनही पिकलेले असते.

बसण्यासाठी पन्नास यार्डांच्या रेषेजवळची आणि उंचावरची जागा घ्यावी. खाली बसलात तर पिटचा आवाज बाकीच्यांना झाकून टाकतो आणि आकृत्याही दिसत नाहीत. सर्वांत चांगली जागा मात्र स्टेडियमच्या बाहेर असते आणि तिला तिकीट लागत नाही. कार्यक्रमाआधी पथके वाहनतळावर किंवा लगतच्या गवतावर सराव करतात, त्याला जाणकार नुसते 'लॉट' म्हणतात. बॅटरीभोवती लोकांचे कडे जमते आणि चार-पाच फुटांवरून स्नेअरची आख्खी ओळ एका हाताने वाजवल्यासारखी ऐकू येते. थोडे पुढे चालत गेलात, तर पितळी वाद्यांचे वादक वर्तुळ करून एखादे संथ, स्तोत्रासारखे कोराल वाजवत असतात, स्थिर उभे राहून, पूर्ण श्वासावर, शेवटपर्यंत. या सदरातील दुसऱ्या पत्रलेखकांनी जी पूर्ण धून मागितली आहे, ती त्यांना तेथे मिळेल. मॅडिसन स्काउट्सचे 'यू विल नेव्हर वॉक अलोन' असेच एकत्र उभे राहून म्हटले जाते, आणि ज्यांचे ते शेवटचे वर्ष असते त्यांचे चेहरे पाहिले की त्या गाण्याला गुण का देता येत नाहीत, हे समजते.

आता माझ्या इच्छेविषयी. माझ्या मनात दोन रचना आहेत आणि त्यांपैकी एकीविषयी थोडक्यात सांगतो. चेक संगीतकार यानाचेकचा 'सिंफोनिएटा' १९२६चा आहे. त्याच्या फॅनफेअरची, म्हणजे तुताऱ्यांच्या ललकारीची कल्पना प्रागमधील सोकोल या व्यायामसंघटनेच्या भव्य मेळाव्याच्या निमित्ताने जन्मली, म्हणजे मैदान आणि शिस्तबद्ध हालणारी शरीरे या रचनेच्या रक्तातच आहेत. आरंभाला नऊ ट्रम्पेट लागतात, ही अडचण ऑर्केस्ट्राला असते. ड्रम कोअरकडे त्याच्या दुप्पट ट्रम्पेट रोजच उभे असतात.

दुसरी रचना माझ्या अधिक जवळची आहे, ती म्हणजे फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याच्या पाचव्या सिंफनीचा शेवटचा भाग. २१ एप्रिल १९१५ रोजी सिबेलियसने सोळा हंस उडताना पाहिले आणि ते सौंदर्य त्याने रोजनिशीत नोंदवले. त्या हंसांशी जोडलेली धून या भागात फ्रेंच हॉर्नवर येते, झोपाळ्यासारखी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झुलणारी, अत्यंत साधी. मेलोफोनसाठी याहून योग्य ओळ मला सुचत नाही. सुरुवातीची तंतुवाद्यांची घाईची थरथर मारिंबांवर हुबेहूब बसेल. पाया म्हणून ट्यूबा त्याच झोपाळ्याला संथ गतीने सावरतील आणि हॉर्नच्या वर मूळ रचनेत वुडविंड जी दुसरी लांब धून गातात, ती दबक्या आवाजातील ट्रम्पेटना देता येईल. मुख्य म्हणजे हा संपूर्ण भाग साधारण नऊ मिनिटांचा आहे, त्यामुळे कात्री न लावता तो जवळजवळ अखंड वाजवता येईल. ही आवृत्ती १९१९ मध्ये पूर्ण झाली आणि अमेरिकेत तिच्यावर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही, म्हणून परवानगीचा आणि पुढे चित्रमुद्रणाच्या हक्कांचा जो त्रास अनेक पथकांना होतो तोही टळेल.

आणि शेवट. सिबेलियसने ही सिंफनी सहा कॉर्डांवर संपवली आहे. प्रत्येक कॉर्ड सुटा आहे आणि त्यांच्यामध्ये चकित करणारी लांब शांतता आहे. सभागृहातही अनेकदा श्रोते फसतात आणि मध्येच टाळ्या वाजवतात. उघड्या मैदानावर, हजारो लोकांसमोर, शंभराहून अधिक वादकांनी एकाच क्षणी एक कॉर्ड वाजवायचा, मग काहीही न करता उभे राहायचे, मग दुसरा, मग पुन्हा शांतता. टोकाला उभ्या वादकांनी तो क्षण डोळ्यांनीच पकडायचा आहे, कारण आवाजाची वाट पाहिली तर त्यांचा कॉर्ड उशिरा पोहोचेल आणि शांततेत ती चूक लपणार नाही. सिंथेसायझर बंद असावा. ध्वज खाली असावेत. आणि सहाव्या कॉर्डनंतर, टाळ्या कितीही लवकर आल्या तरी, ड्रम मेजरचा हात खाली येईपर्यंत कोणीही हलू नये.